लेबलला उत्तर देण्याआधी तिघांनी एकदा बसा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात काही चूक होत असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही तिघं चार वर्षं इलेक्ट्रॉनिक पॉप बँड चालवताय. दोन ईपी (चार-पाच गाण्यांचे छोटे अल्बम) झाल्या, सहा सुटी गाणी झाली. त्यातलं एक गाणं मोठ्या प्लेलिस्टवर लागलं आणि तीन लाखांच्या वर ऐकलं गेलं. नंतरची गाणी मात्र दोन-अडीच हजारांच्या पुढे सरकली नाहीत. आता एका लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, करार पाठवलाय: आगाऊ रक्कम, एक अल्बम, आणि पुढच्या दोन अल्बमचा ऑप्शन. सही करावी का आणि करायची तर नोकऱ्या सोडाव्यात का, हे तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: 'संगीत सगळं मी लॅपटॉपवर करतो, ती शब्द लिहिते आणि गाते, तिसरा स्टेजवर सिंथ वाजवतो आणि बाकीचं सगळं बघतो. वाटणी कशी करावी तेही सांगा.'

घोडं या शेवटच्या वाक्यापाशीच पेंड खातंय. लेबलचा करार चांगला की वाईट हे आपण पुढे बघूच, पण तो करार कोणाशी होणार आहे हे तुमचं तुम्हालाच अजून ठरवायचंय. चार वर्षांत ते ठरवायची वेळ आली नाही, कारण वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

मी अकरा वर्षं अशाच एका बँडमध्ये होतो, लॅपटॉपच्या मागे, म्हणजे तुमच्या जागी. त्यानंतर बारा-तेरा वर्षं दुसऱ्यांच्या बँडचं व्यवस्थापन करतोय. पुढे लिहितोय त्यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे: तुमच्यावर कर्ज आहे का, घरात कोण अवलंबून आहे, तिघांचं आपसात किती जुळतं. ते मला इथून दिसत नाही. जिथे ते आड येतं तिथे तसं सांगेन.

आपल्या प्रकारच्या संगीताची अडचण गिटार-ड्रमवाल्या बँडपेक्षा वेगळी आहे. चौघं एका खोलीत उभे राहून गाणं बसवतात तेव्हा कोणी काय आणलं हे सगळ्यांना दिसत असतं. आपल्याकडे गाणं एका फाइलमध्ये तयार होतं आणि ती फाइल एकाच्या लॅपटॉपवर असते. चाल, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण, मिक्स यांच्यात सीमारेषा राहत नाही. मंगळवारी रात्री बनवलेला डेमो तीन महिन्यांनी जवळपास तसाच मास्टर, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रण, होऊन बाहेर पडतो. मग लॅपटॉपवाल्याला अगदी प्रामाणिकपणे वाटतं की हे सगळं मी केलं. दोनशे तास त्याने खर्च केलेले असतात, त्याचं वाटणं खोटं नसतं. पण तुमच्या आठ मात्रांच्या लूपवर ती जे गुणगुणली, ज्याच्यामुळे त्या लूपचं गाणं झालं, त्याला तिला चार मिनिटं लागली असतील. तासांचा हिशेब मांडायला गेलात तर हे गणित कधीच सुटणार नाही.

कायद्याचीही इथे फार मदत होत नाही. बहुतेक ठिकाणी गाण्याचा हक्क म्हणजे चाल आणि शब्द यांचा हक्क. तुम्ही आठवडाभर घासून काढलेला बेसचा आवाज, तो विशिष्ट किक, ती उलटी फिरवलेली रिव्हर्ब (घुमारा), हे सगळं 'रचना' म्हणून धरलं जाईलच असं नाही, आणि आपल्या संगीतात ओळख तर नेमकी तीच असते. उलट बाजूने, तुमचा तिसरा सहकारी गिग, म्हणजे कार्यक्रम, ठरवतो, गाडी ठरवतो, साउंडचेकला भांडतो, हिशेब ठेवतो. कायद्याच्या दृष्टीने त्याने गाण्यात काहीच केलेलं नाही. तो निघून गेला तर पुढच्या तीन महिन्यांत काय काय बंद पडेल याची यादी एकदा करून बघा.

डेपेश मोड या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँडचं उदाहरण मी प्रत्येक नव्या बँडला सांगतो. १९८१ साली त्यांचा पहिला अल्बम आला. त्यातली दोन सोडून सगळी गाणी विन्स क्लार्कची होती. त्याच वर्षाच्या अखेरीला क्लार्क बँड सोडून गेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की आता संपलं. मार्टिन गोरने गाणी लिहायला घेतली आणि १८ जून १९८८ ला याच बँडने अमेरिकेत पासाडेनाच्या रोझ बोल या प्रचंड स्टेडियमवर कार्यक्रम केला. त्या सगळ्या काळात अँडी फ्लेचर त्यांच्यात होता. तो गाणी लिहीत नव्हता, मुख्य गायक नव्हता, वादक म्हणूनही त्याचं फार नाव नव्हतं. तो व्यवहार बघायचा आणि माणसं एकत्र ठेवायचा. २०२२ मध्ये वारला तोपर्यंत तो बँडमध्ये होता. म्हणून 'तिसरा नेमकं काय करतो' हा प्रश्न मनात येतो तेव्हा जरा थांबा. क्लार्कचंही वाईट झालं नाही. त्याने आधी याझू आणि मग १९८५ मध्ये इरेजर हा बँड काढला. माणूस जातो तेव्हा दोन्ही बाजू उभ्या राहू शकतात, फक्त कोणाचं काय हे स्पष्ट असावं लागतं.

आमच्यात ते स्पष्ट नव्हतं. आमचं एक गाणं होतं, त्याची मुख्य ओळ आमची गायिका चहा करताना गुणगुणली होती. मी ती फोनवर टिपली आणि रात्रभर बसून गाणं उभं केलं. नोंदणीचा अर्ज मी एकट्यानेच भरला आणि रचनाकार म्हणून माझं एकट्याचं नाव टाकलं. मनात लबाडी नव्हती. अर्जात एक चौकट होती, ती मी भरली, इतकंच. चार वर्षांनी ते गाणं एका जाहिरातीसाठी मागितलं गेलं, पैसे आले आणि ते माझ्या एकट्याच्या खात्यात जमा झाले. मी त्यातला तिसरा हिस्सा तिला देऊ केला. तिने विचारलं, 'देऊ केलास म्हणजे काय?' त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याभरात बँड संपला. त्यानंतर आजपर्यंत, ज्यांच्या कागदांवर सह्या झालेल्या नाहीत अशा बँडचं काम मी घेतलेलं नाही.

मी सगळ्यांना करायला लावतो ते हे. गाणं पूर्ण झालं, म्हणजे शेवटचं मिक्स सगळ्यांनी ऐकून 'हो' म्हटलं, की त्याच दिवशी एक पानभर हिस्सापत्रक लिहायचं. गाण्याचं नाव, तारीख, रचनेत कोणाचा किती टक्के वाटा, सह्या. त्याच दिवशी, कारण त्या दिवशी गाण्याची किंमत शून्य असते आणि माणसं उदार असतात. गाणं चालायला लागल्यावर तोच कागद लिहायला तीन वकील लागतात.

टक्के किती, हे तुमच्यावर आहे. काही बँड सरळ समान वाटणी करतात. त्यात भांडण होत नाही, पण जो जास्त लिहितो तो पाच-सात वर्षांनी कुढायला लागतो. काही गाण्यागणिक ठरवतात. ते न्याय्य असतं, पण मग अल्बममध्ये कोणाचं गाणं घ्यायचं यावरून राजकारण सुरू होतं, कारण प्रत्येक गाणं म्हणजे कोणाचं तरी उत्पन्न. मला स्वतःला मधला मार्ग पटतो: रचनेचा अर्धा वाटा तिघांत समान आणि उरलेला अर्धा त्या गाण्याच्या चाल-शब्दांत ज्यांनी काम केलं त्यांच्यात. तुमच्या बाबतीत तुम्ही आणि ती त्या अर्ध्याचे समान वाटेकरी झालात, तर तुम्हा दोघांना साधारण ४२-४२ टक्के आणि तिसऱ्याला १७ च्या आसपास पडतील. ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टरची मालकी मात्र तिघांची समान ठेवा. तिसरा माणूस ज्या कामात राबतो, त्याचं फळ तिथेच येतं.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरवा. एखादा गेला तर झालेल्या गाण्यांतला त्याचा हिस्सा त्याच्याकडेच राहील, पुढच्या गाण्यांत मिळणार नाही. आणि बँडचं नाव कोणाकडे राहील. हे बोलायला अवघड जातं, घरात मृत्युपत्राचा विषय काढल्यासारखं वाटतं, पण एका संध्याकाळचं काम आहे.

शिवाय चाव्या. वितरणाचं, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढवणाऱ्या कंपनीतलं, खातं कोणाच्या ईमेलवर आहे? तुमच्याच असेल. सेशन फाइली तुमच्याच डिस्कवर, पासवर्ड तुमच्याच डोक्यात. एक सामायिक ईमेल काढा, सगळी खाती त्यावर हलवा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा जो बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी क्रमांक असतो, त्यांची यादी करून ठेवा. उद्या वितरक बदलला तर तोच क्रमांक द्यावा लागतो, नाहीतर आजवरचे स्ट्रीम नव्या ठिकाणी जोडले न जाण्याचा धोका असतो. आणि प्रत्येक गाण्याचे स्टेम, म्हणजे ड्रम, बेस, सिंथ, आवाज यांच्या वेगवेगळ्या ऑडिओ फाइली, तिघांच्याही डिस्कवर हव्यात. तुम्ही आवाजांसाठी वापरता ते प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) दहा वर्षांनी चालतीलच याची खात्री नाही. साधी वेव्ह फाइल चालेल.

आता मघाशी 'रचना' आणि 'मास्टर' असे दोन शब्द वेगळे वापरले, त्याबद्दल थोडं. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: चाल-शब्द ही एक, आणि ते ज्या ध्वनिमुद्रणात बंद झालं ते दुसरी. दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात. पहिली वाट जुनी आहे. १८४७ मध्ये एर्नेस्त बुर्जे नावाचा संगीतकार पॅरिसच्या एका कॅफेत बसला होता. त्याचीच रचना तिथे वाजत होती, त्यामुळे त्याने पेयाचे पैसे द्यायला नकार दिला: माझं संगीत फुकट, तर तुमचं पेयही फुकट. प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्यातून १८५१ मध्ये रचनाकारांचे पैसे गोळा करणारी सासेम ही संस्था उभी राहिली. आज बहुतेक देशांत अशी संस्था असते, आणि त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. तुमचं वितरण करणारी कंपनी मास्टरचे पैसे आणते, रचनेचे बहुधा आणत नाही. त्यासाठी या संस्थेत तुमची आणि तिची स्वतंत्र नोंदणी हवी. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती झालेली नाही. तीन लाख स्ट्रीमचा रचनेचा वाटा कुठेतरी बेवारस पडून असेल. तो किती काळ मागता येतो हे त्या संस्थेच्या नियमांवर आहे, म्हणून हे काम या आठवड्यातच करा.

रचना ही मालमत्ता किती मोलाची असते याची दोन उदाहरणं. १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडबँडचं 'टेन्टेड लव्ह' प्रचंड गाजलं. पण ते मूळ एड कॉबने लिहिलेलं गाणं, आणि सिंगलच्या, म्हणजे त्या गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूलाही त्यांनी दुसऱ्यांचंच गाणं घातलं. स्वतःचं एखादं गाणं मागे टाकलं असतं तर विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे रचनाकार म्हणून त्यांना पैसे मिळाले असते. मिळाले ते फक्त ध्वनिमुद्रणाचे. उलट बघा: स्वीडनचा द नाइफ, बहीण-भावंडांचा जोडबँड, स्वतःचंच लेबल चालवणारा. त्यांचं 'हार्टबीट्स' होझे गोन्झालेझ या गायकाने नुसत्या गिटारवर गायलं, आणि २००५ मध्ये सोनीच्या टीव्हीच्या जाहिरातीत ते वाजलं. द नाइफचं ध्वनिमुद्रण त्या जाहिरातीत नव्हतंच. पण चाल आणि शब्द त्यांचे होते, त्यामुळे गाणं वाजलं की रचनाकारांचा हक्क त्यांच्याकडेच. एक सिंथ नसतानाही गाणं उभं राहिलं, हे मला त्यात जास्त शिकण्यासारखं वाटतं. तुमचं गाणं एका पियानोवर गाऊन बघा. जे टिकतं त्याच्या हिस्सापत्रकावर जास्त काळजीने सही करा.

लेबलकडे येतो. करार मी वाचलेला नाही, त्यामुळे सही करा किंवा करू नका असं सांगणं बेजबाबदारपणाचं होईल. तो कसा वाचायचा ते सांगतो.

आगाऊ रक्कम म्हणजे बक्षीस नव्हे, ती तुमच्या पुढच्या कमाईतून वळती होते. आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते असं, की ती वळती होते तुमच्या हिश्शातून. समजा लेबलने १०० दिले आणि तुमचा हिस्सा २० टक्के आहे. ध्वनिमुद्रणाने १०० कमावले तेव्हा तुमच्या खात्यातून फक्त २० फिटले. सगळे १०० फिटायला एकूण ५०० कमवावे लागतात. तोपर्यंत लेबलकडे ५०० जमा झालेले असतात आणि तुमच्या नावावर अजून शून्य. दुसरी पद्धत नफ्याच्या वाटणीची. तेच ५०० आले, आधी खर्चाचे १०० वजा झाले, उरलेल्या ४०० चे दोन भाग. तुम्हाला २००, लेबलला २००. आकडे तेच, फक्त वाक्यरचना वेगळी. डॅनियल मिलरने १९७८ मध्ये स्वतःचं सिंगल काढायला म्यूट हे लेबल सुरू केलं आणि डेपेश मोडला घेतलं ते तोंडी शब्दावर, निम्म्या-निम्म्या नफ्यावर. तोंडी शब्दावर जा असं मी म्हणत नाही. पण छोट्या लेबलांनी ५०-५० देणं ही काही जगावेगळी मागणी नाही, बिनदिक्कत मागा. मात्र 'खर्च' या शब्दात काय काय येतं हे करारात लिहून घ्या. प्रसिद्धी, व्हिडिओ, प्रवास हे सगळं तुमच्या संमतीशिवाय त्यात घुसत असेल, तर ५०-५० ला अर्थ उरत नाही.

दुसरं, मास्टर कायमचे देताय की ठरावीक वर्षांच्या परवान्यावर? मी शक्यतो परवानाच करतो, पाच ते सात वर्षांचा, त्यानंतर सगळं बँडकडे परत. लेबल बुडालं तर काय, हेही त्यात असावं. फॅक्टरी रेकॉर्ड्स हे लेबल १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेलं, तेव्हा त्याच्या न्यू ऑर्डर या बँडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क बँडकडेच राहिले, कारण ते कंपनीला कधी लिहूनच दिलेले नव्हते. सगळ्यांचं नशीब असं नसतं. कायमचे दिलेले मास्टर लिलावात कोणाच्याही हाती जाऊ शकतात.

तिसरं, ऑप्शन. या शब्दामुळे तुम्हाला निवड मिळतेय असं वाटतं. निवड लेबलची असते. पुढचे दोन अल्बम हवे असतील तर ते घेतील, नको असतील तर सोडतील. तुम्हाला मात्र सोडता येणार नाही. माझ्या मते तुमच्या करारातला सगळ्यात जड शब्द हाच आहे, आगाऊ रकमेपेक्षाही. एका अल्बमचा करार मागा. नाहीच म्हणाले, तर एकच ऑप्शन, त्याला मुदत हवी (अल्बम आल्यापासून इतक्या महिन्यांत कळवलं नाही तर संपला), आणि त्यावेळची आगाऊ रक्कम आताच्यापेक्षा जास्त. कार्यक्रम आणि टी-शर्ट यांच्या उत्पन्नात लेबल वाटा मागत असेल, तर त्यासाठी ते नेमकं काय काम करणार आहेत हे विचारा. त्याचं ठोस उत्तर नसेल तर ते कलम काढून टाका.

आगाऊ रक्कम घेतलीच तर ती टिकणाऱ्या गोष्टीत घाला. ओएमडी या ब्रिटिश सिंथ-पॉप बँडने पहिल्या कराराच्या पैशांतून लिव्हरपूलमध्ये स्वतःचा स्टुडिओ बांधला. विचार सरळ होता: रेकॉर्ड पडली तरी स्टुडिओ राहील. आज तुम्हाला इतकंही लागत नाही. खोलीचं ध्वनिशोषण, एक चांगला माइक, चांगले मॉनिटर. बाकी पैसे मास्टरिंग आणि प्रसिद्धीला.

तुमच्या तीन लाखांबद्दल मला जरा स्पष्ट बोलायला हवं. त्या आकड्यावर करिअरचा निर्णय घेऊ नका. प्लेलिस्ट ऐकणारा माणूस प्लेलिस्ट ऐकत असतो, भांडी घासताना, धावताना. गाणं उतरलं की तोही गेला. तुमच्या पुढच्या गाण्यांचे दोन-अडीच हजार हा खरा आकडा आहे, आणि तो मला वाईट वाटत नाही. ते तुमच्या नावाने आलेले लोक आहेत. स्ट्रीमला ठरावीक भावही नसतो. स्पॉटिफायसारख्या सेवेच्या उत्पन्नातला साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांकडे जातो आणि तो एकूण ऐकण्यातल्या तुमच्या वाट्याप्रमाणे मिळतो. म्हणजे तुम्ही जगातल्या सगळ्या संगीताशी एका भांड्यातून वाटून घेताय. २०२४ पासून तर मागच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे मास्टरचे पैसेच मिळत नाहीत. जुनी गाणी त्या रेषेखाली गेली असतील तर तपासा.

मी बँडकडे तीनच आकडे मागतो. एक गाणं ऐकून दुसरं ऐकायला आलेले किती. पैसे देऊन काही विकत घेतलेले किती. बँडकॅम्पवर, जिथे बँड थेट श्रोत्यांना संगीत विकतात, डिजिटल विक्रीतले १५ टक्के सेवा कापते, पैसे हाताळण्याचं शुल्क वेगळं, बाकी तुमचं, आणि घेणाऱ्याचा ईमेल पत्ताही तुमच्याकडे येतो. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: ज्या रात्री फक्त तुमचंच नाव होतं, त्या रात्री तिकीट काढून किती जण आले. दोनशे जण आले असतील तर लेबलशी बोलताना तुमच्या हातात तीन लाखांपेक्षा मोठं पान आहे.

नोकरीचं उत्तर यातूनच निघतं. आगाऊ रकमेच्या जोरावर नोकरी सोडू नका. ती एकदाच येते आणि अल्बम पूर्ण व्हायच्या आत संपते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की अपवाद आठवायला वेळ लागतो. पुन्हा पुन्हा येणारं उत्पन्न, म्हणजे गिग, विक्री, रॉयल्टी, दुसऱ्यांसाठी केलेलं प्रोडक्शन, सलग वर्षभर तुमच्या खर्चाच्या निम्म्यावर राहिलं की आठवड्याचे दिवस कमी करून मागा. पूर्ण सोडणं त्याच्याही पुढे. तिघांनी एकाच वेळी सोडायची तर मुळीच गरज नाही. ज्याच्या अंगावर कमी जबाबदाऱ्या आहेत आणि ज्याच्या वेळेची बँडला सगळ्यात जास्त गरज आहे, त्याने आधी. मात्र त्या काळात बाकीच्या दोघांनी त्याचा थोडा भार उचलावा आणि तेही कागदावर असावं.

इमोजेन हीप या ब्रिटिश गायिकेने २००५ चा अल्बम स्वतःच्या लेबलवर काढताना घर गहाण टाकलं होतं, हे उदाहरण लोक तुम्हाला देतील. खरं आहे. पण तेव्हा तिच्या मागे १९९८ चा अल्बम होता, २००२ चा फ्रू फ्रू या तिच्या जोडबँडचा अल्बम होता, आणि मोठ्या लेबलांत घालवलेली वर्षं होती. ती काय पणाला लावतेय हे तिला माहीत होतं. एम८३ या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक बँडचा पहिला अल्बम २००१ चा, आणि ज्या गाण्यामुळे तो घराघरांत पोचला ते २०११ चं. मधली दहा वर्षं अल्बममागून अल्बम येत राहिले. तुमची चार झालीत.

शेवटी स्टेज, कारण तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्याचं काम तिथे आहे आणि बँडचं पुढचं उत्पन्नही. आपल्या प्रकाराचा मोठा फायदा असा, की आपण तीन माणसं आणि दोन पेट्या घेऊन फिरू शकतो. ओएमडीच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांत ड्रमरच्या जागी टेप रेकॉर्डर असायचा, त्याला त्यांनी विन्स्टन असं नावही दिलं होतं. लोकांना टेपची अडचण कधीच नव्हती. समोर काहीतरी खरोखर घडतंय, हे त्यांना दिसावं लागतं. म्हणून प्रत्येक गाण्यात किमान एक गोष्ट अशी ठेवा की ती हाताने वाजली नाही तर गाणं कोसळेल. तुमच्या तिसऱ्याला बेसलाइन द्या. ती फाइलमधून काढून टाका, म्हणजे परतीची वाट राहणार नाही. झगमगाटाची घाई नको. पेट शॉप बॉइज ही ब्रिटिश जोडी १९८१ पासून एकत्र होती, जगभर गाजलेली होती, तरी त्यांचा पहिला दौरा १९८९ चा.

तांत्रिक बाजूने दोन सूचना. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो त्यांचा आकार, १२८ सॅम्पलवर ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला तेवढ्या भागाचा विलंब तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. बोटांना तो जाणवत नाही. आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने तो आकडा, सगळीकडे एकच ठेवा. एकदा आम्ही दुसऱ्याचं प्लेअर यंत्र वापरलं, ते ४८ वर होतं आणि आमच्या फाइली ४४.१ च्या. ते यंत्र फाइल बदलून घेत नव्हतं, सरळ वाजवत होतं. सगळं जवळपास दीड सेमीटोन वर आणि तेवढंच जलद. आमच्या गायिकेने पहिल्या कडव्याला खाली वाकून मॉनिटरकडे बघितलं, तिला वाटलं तिचाच आवाज बसलाय. ती तशीच, शिरा ताणून, पूर्ण गाणं गायली. त्या दिवसापासून स्वतःचा इंटरफेस, स्वतःच्या तारा आणि तीच फाइल असलेला दुसरा लॅपटॉप चालू स्थितीत, याशिवाय माझा कोणताही बँड स्टेजवर जात नाही.

आता लेबलला काय लिहायचं ते. आज एवढंच कळवा की प्रस्ताव मिळाला, आनंद झाला, तीन आठवड्यांत सविस्तर उत्तर देतो. ही मुदत सर्वसाधारण आहे, कोणी त्याने नाराज होत नाही. पहिल्या आठवड्यात तिघं बसून आधीच्या सगळ्या गाण्यांची हिस्सापत्रकं मागे जाऊन पूर्ण करा, आणि ते तीन लाखांचं गाणं सगळ्यात शेवटी घ्या, तोपर्यंत तुम्हाला एकमेकांची पद्धत कळलेली असेल. दुसऱ्या आठवड्यात रचनाकार म्हणून नोंदणी. तिसऱ्यात संगीताचे करार पाहणाऱ्या वकिलाकडून तो कागद वाचून घ्या. तुमच्या ओळखीच्या, घर-जमिनीचे व्यवहार बघणाऱ्या वकिलाला ऑप्शनचं कलम नेहमीचंच वाटेल. ते कलम आणि 'खर्च' या शब्दाची व्याख्या, लेबलचं नाव झाकून, इथे टाकलीत तर मी वाचून सांगेन. आणि त्या पहिल्या बैठकीला लॅपटॉप बंद करून बसा.